बाण ऐकू येत नाही, म्हणून डिस्क इमेज साचतात

मॅकवर इंटरनेटवरून ॲप घेतले की अनेकदा ‘डीएमजी’ फाइल हाती येते. ती उघडली की संगणकाला एक आभासी डिस्क जोडली जाते. आत ॲपचे चिन्ह, शेजारी ॲप्लिकेशन्स फोल्डर आणि मध्ये मोठा बाण. इकडून तिकडे ओढा, एवढेच. डोळस माणसाला ते पुरते. पण बाण हे नुसते मागचे चित्र. २००५ पासून मॅकमध्ये असलेला व्हॉइसओव्हर हा स्क्रीन रीडर ते वाचत नाही. मग अंध वापरकर्त्याने ॲप तिथूनच सुरू केले तर नवल नाही. डिस्क जोडलेली राहते, डाउनलोड्समध्ये फाइल पडून राहते. मॅक रीस्टार्ट केला की डिस्क निघून जाते आणि ॲपही ‘गायब’!

हे सगळे कीबोर्डवरून निस्तरता येते. ॲपवर कमांड-सी, मग शिफ्ट-कमांड-एने ॲप्लिकेशन्स उघडून कमांड-व्ही. डिस्कवरून सुरू केलेले ॲप आधी कमांड-क्यूने बंद करावे, नाहीतर डिस्क ‘वापरात आहे’ म्हणून अडून बसते. शिफ्ट-कमांड-सी दाबल्यावर जोडलेल्या डिस्क एकाच ठिकाणी सापडतात. नको असलेलीवर कमांड-ई. डिस्क निघाली तरी मूळ फाइल जागा अडवतच असते. ऑप्शन-कमांड-एलने डाउनलोड्स उघडून तिच्यावर कमांड-डिलीट.

पण एका बाणापायी इतके शॉर्टकट अंध वापरकर्त्यानेच का पाठ करायचे? पहिल्यांदा उघडताना ‘ॲप्लिकेशन्समध्ये हलवू का?’ असे विचारणारी ॲप्स आहेतच. बाकीच्या कंपन्यांनाही तो एक प्रश्न विचारायला जड जाऊ नये.