सावलींतील जागा व परदेशी फूल

परसांतील आंब्याखालची जागा ओसाड राहते, म्हणून तेथें ‘ब्लीडिंग हार्ट’ लावण्याचा मोह कित्येकांस होतो. परंतु तें झाड सैबेरिया, उत्तर चीन, कोरिया येथील. त्याच्या मुळांस कडक हिवाळ्याची विश्रांति लागते. राजुरास उन्हाळ्यांत पारा ४० अंशांपलीकडे जातो. तेथें तें टिकणें कठीण. फुलांचीच हौस असल्यास त्याच इंग्रजी नांवाची पश्चिम आफ्रिकेंतील वेल, क्लेरोडेंड्रम, लावावी. मात्र आमच्या मतें अशा जागेवर पहिला हक्क हळदीचा. दाट सावलींत कंद पोसत नाहींत, म्हणून खालच्या फांद्या छाटाव्या. काळ्या जमिनींत पाणी तुंबतें, म्हणून ज्येष्ठांत उंच वरंब्यावर लागण करावी. सुमारें नऊ महिन्यांत घरापुरती हळद निघेल. सावली हा जमिनीचा दोष नव्हे. तिला साजेसें पीक न निवडणें हा आपला दोष होय.