समुद्राला वेस कुठली?

गेल्या गणपतीत एडिसनला एका स्नेह्यांकडे आरती झाली आणि आम्ही दहाबारा जण बेसमेंटमध्ये ताटं घेऊन बसलो. बोलता बोलता विषय जर्सी शोअरवर आला. आमच्यातल्या एका मित्राने तीन वर्षांपूर्वी किनाऱ्यावरच्या एका छोट्या गावात, समुद्रापासून दोन गल्ल्या आत, घर घेतलं आहे. मोदकावर तूप ओतून घेत तो म्हणाला, "बाहेरच्यांकडून बॅजचे दुप्पट पैसे घ्यायला पाहिजेत. टॅक्स आम्ही भरायचा, वाळूत यांनी लोळायचं आणि जाताना घाण करून जायचं!"

या मित्राला सतरा वर्षांपूर्वी न्यूअर्कच्या विमानतळावरून मीच आणला होता. दोन बॅगा, एक प्रेशर कुकर आणि एच-वन व्हिसा एवढंच तेव्हा त्याचं अमेरिकेतलं भांडवल होतं. त्याच्या तोंडून 'बाहेरचे' हा शब्द ऐकला आणि माझा घास हातातच राहिला. वाद तिथे पुरा झाला नाही, कारण लगेच मंत्रपुष्पांजलीच्या सुरावरून दुसरा वाद पेटला. म्हणून तो इथे पुरा करतो.

भारतातल्या वाचकांना 'बॅज' म्हणजे काय ते आधी सांगायला हवं. न्यू जर्सीला सुमारे 130 मैलांचा अटलांटिक किनारा आहे आणि त्यावर लहान लहान नगरपालिका दाटीने बसल्या आहेत. उन्हाळ्यात त्यांतल्या बहुतेकांच्या पुळणीवर पाऊल टाकायचं तर पैसे मोजून प्लॅस्टिकचा बिल्ला घ्यावा लागतो, रोजचा किंवा सबंध मोसमाचा. बोर्डवॉकच्या उतरणीवर छत्रीखाली शाळकरी पोरं बसलेली असतात, ती बॅज तपासतात. ब्रॅडली बीचने 1929 साली ही प्रथा सुरू केली असं सांगतात. गिरगाव चौपाटीवर भेळ खात वाढलेल्या माणसाला समुद्राला तिकीट ही कल्पनाच पचत नाही, पण पैसे घेण्यावर माझा आक्षेप नाही. त्याकडे पुढे येतो.

'बाहेरच्या'साठी या किनाऱ्याने शब्दही घडवले आहेत. उत्तरेकडे त्याला 'बेनी' म्हणतात. बेयॉन, एलिझाबेथ, न्यूअर्क आणि न्यूयॉर्क यांच्या आद्याक्षरांचा तो शब्द, अशी एक व्युत्पत्ती आहे. दक्षिणेकडे 'शूबी', म्हणजे बुटाच्या खोक्यात दुपारचं जेवण बांधून आगगाडीने येणारा. घरचा डबा आणणाऱ्याला हसण्याची खोड कुठल्याच देशात नवी नाही. आपल्या थेपल्यांच्या आणि इडल्यांच्या डब्यांना बघूनही हे लोक असेच हसत असतील, आणि माझा मित्र आता त्यांच्या बाजूने हसतो.

त्याचा पहिला मुद्दा कराचा. "टॅक्स आम्ही भरतो" हे वाक्य नेमकं याच किनाऱ्यावर, याच अर्थाने, कोर्टात उभं राहून हरलेलं आहे. एव्हन-बाय-द-सी या गावाने 1970 साली नियम बदलला आणि मोसमाचा बॅज फक्त रहिवाशांना व करदात्यांना ठेवला. शेजारचं नेपच्यून सिटी कोर्टात गेलं. दोन गावं अगदी खेटून, पण एकाला समुद्र आहे आणि दुसऱ्याला नाही. 1972 साली राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने एव्हनचा नियम रद्द केला. न्यायमूर्ती फ्रेडरिक हॉल यांनी लिहिलेल्या निकालाचा गाभा असा, की किनारा सगळ्यांना सारख्या अटींवर खुला हवा. गावाने वाजवी शुल्क घ्यावं, पण आपला आणि परका असे दोन भाव लावू नयेत. याच हॉल यांनी 1975 साली माउंट लॉरेलच्या खटल्यात, गावाला जमीनवापराचे नियम असे करता येणार नाहीत की गरिबांना तिथे घरच मिळू नये, असं ठरवलं. गावाने स्वतःभोवती वेस बांधू नये, हा त्यांचा दोन्हीकडचा आग्रह.

पण कोर्टाने म्हटलं म्हणून मित्राने मानावं असं नाही, म्हणून हिशेबच मांडू. जीवरक्षक, सफाई, संडास यांचा खर्च गावाला येतो, हे खरं. तो भरून काढायला राज्याच्या कायद्याने शुल्काची मुभा दिली आहे, फक्त बारा वर्षांखालच्या मुलांकडून ते घेता येत नाही. म्हणजे बाहेरचा माणूस बॅज घेतो तेव्हा त्याच खर्चातला वाटा उचलतो. उलट मित्राच्या घराला जी किंमत आहे ती दोन गल्ल्यांपलीकडच्या समुद्रामुळे. त्याचा मालमत्ता कर भरभक्कम आहे, कारण घर महाग आहे, आणि घर महाग आहे कारण समुद्र जवळ आहे. समुद्राने दिलेलं समुद्राच्याच नावावर खर्ची टाकून वर मालकी सांगायची, हा कुठला हिशेब?

आणि वाळूचं काय? 29 ऑक्टोबर 2012 ला सँडी वादळ आलं आणि इथली पुळण मैलोगणती वाहून गेली. नंतर लष्कराच्या अभियंता दलाने समुद्रतळाची वाळू उपसून, नळांनी किनाऱ्यावर आणून ओतली. तो पैसा मुख्यत्वे केंद्राचा आणि राज्याचा, म्हणजे एडिसनच्या दोन खोल्यांत राहणाऱ्याचाही. अशा कामांना केंद्राचा पैसा घ्यायचा तर लोकांना किनाऱ्यावर जाण्याची वाट आणि गाड्या लावायची सोय असली पाहिजे, अशी अट असते ती उगाच नाही. मित्र ज्या वाळूवर खुर्ची टाकतो तिच्यात माझेही चार कण आहेत.

दुसरा मुद्दा गावच्या तलावाचा, आणि तो अधिक चांगला आहे. आमच्या गावची लायब्ररी बाहेरगावच्या माणसाकडून कार्डाचे पैसे घेते आणि पालिकेचा पोहण्याचा तलाव रहिवाशांना स्वस्त असतो. मग समुद्राने काय पाप केलं? इथे क्षणभर मी अडखळलो, हे कबूल करतो. पण लायब्ररी गावाने बांधली. पुस्तकं घेतली, कपाटं केली. समुद्र कुठल्या पालिकेने खोदला? रोमन सम्राट जस्टिनियनच्या सहाव्या शतकातल्या संहितेत हवा, वाहतं पाणी, समुद्र आणि त्याचा किनारा या सगळ्यांच्या मालकीच्या गोष्टी म्हटल्या आहेत. तो धागा इंग्लंडमार्गे न्यू जर्सीत आला तो आमच्या घराजवळच्या रॅरिटन नदीत. पर्थ ॲम्बॉयच्या एका जमीनदाराने आपल्या शेतापुढच्या पाण्यात कालवं पेरली होती. दुसरा एक गडी होड्या घेऊन आला आणि ती काढून घेऊन गेला. 1821 साली न्यायाधीश कर्कपॅट्रिक यांनी ठरवलं, की भरतीचं पाणी आणि त्याखालची जमीन राज्याने लोकांसाठी विश्वस्त म्हणून सांभाळायची असते. एव्हनचा निकाल याच कालवांच्या पाठीवर उभा आहे. भारताच्या सर्वोच्च न्यायालयानेही 1996 साली कमलनाथ प्रकरणात, बियास नदीच्या निमित्ताने, हेच विश्वस्ततत्त्व आपलं म्हटलं. न्यू जर्सीने ते 2019 साली कायद्यातच लिहून टाकलं.

विश्वस्त म्हटला की त्याने घरच्यांना वेगळा भाव लावायचा नसतो. आपल्याकडच्या देवस्थानांच्या विश्वस्तांना हे लागू करून पाहण्याचा मोह होतो, पण विषयांतर नको.

पैशाने जमलं नाही की गावं दोरी बांधतात. डील या श्रीमंत गावाने आपल्या कसिनोसमोरची (जुगाराचा अड्डा नव्हे, पोहण्याचा क्लब) पुळण रहिवाशांसाठी राखली आणि बाकीच्यांना शेजारचा तुकडा दिला. 1978 साली तेही चाललं नाही. बे हेडमध्ये तर रहिवाशांनी संस्था काढली आणि पुळण संस्थेची, म्हणजे खासगी, असा पवित्रा घेतला. 1984 साली कोर्ट म्हणालं, की ओल्या वाळूवर लोकांचा हक्क असेल तर तिथे पोचायला आणि टेकायला कोरडी वाळूही लागतेच.

'खासगी' या शब्दाची जादू आपल्याला नवी नाही. महाडच्या चवदार तळ्याशी या बॅजची तुलना करायची नाही. तिथे माणसाला माणूस म्हणून नाकारलं होतं, इथे दहावीस डॉलरांची गोष्ट आहे. पण एक कायदेशीर डाव मात्र ओळखीचा वाटतो. 1927 च्या सत्याग्रहानंतर तळं सार्वजनिक नाही, खासगी आहे, असा दावा कोर्टात झाला, आणि तो फेटाळला जायला 1937 साल उजाडलं. अमेरिकेतही 'रहिवासी' हा शब्द नेहमी इतका निरागस नव्हता. कनेक्टिकटच्या किनाऱ्यावरची गावं गोऱ्यांची आणि हार्टफर्डसारखी शहरं काळ्या आणि पोर्तो रिकन कुटुंबांची. तिथे 'फक्त रहिवासी' अशी पाटी लावली की रंगाचं नाव घ्यावंच लागत नसे. सत्तरच्या दशकात नेड कॉल या कार्यकर्त्याने हार्टफर्डची मुलं बसमध्ये भरून या किनाऱ्यांवर नेली, तेव्हा कोणाच्या कपाळावर आठ्या पडल्या ते वेगळं सांगायला नको. तिथल्या ग्रिनिचचा किनारा बाहेरच्यांना उघडायला 2001 साल लागलं, आणि तेही कायद्याच्या एका विद्यार्थ्याला धावायला जाताना दारातून परत पाठवलं म्हणून.

गर्दीचा मुद्दा मी सोडून देत नाही. जुलैतल्या रविवारी पुळणीवर पाय ठेवायला जागा नसते आणि जीवरक्षकाची नजर किती डोक्यांवर फिरणार, याला मर्यादा आहे. मग माणसं मोजा. आकडा भरला की फाटक लावा, जो आधी आला त्याला आत घ्या. मोजताना पत्ता विचारायचं कारण नाही. कचऱ्याचंही तेच. पिझ्झ्याचं खोकं टाकणाऱ्याला दंड करा, पण त्याचा पिनकोड बघून नको.

आता माझ्याच बाजूच्या मंडळींशी दोन शब्द. समुद्र देवाचा, तेव्हा सगळं फुकट हवं, असं म्हणणारे आमच्यात पुष्कळ आहेत. अटलांटिक सिटी आणि वाइल्डवुड फुकट आहेत, हे ते लगेच दाखवतात. पण अशा गावांना पर्यटकांकडून दुसऱ्या वाटांनी पैसा मिळतो, प्रत्येक गावाकडे त्या वाटा नाहीत. बुडणाऱ्या पोराला बाहेर काढणारा जीवरक्षक पगारावर असतो. त्याचा पगार मला द्यायचा आहे, आणि मित्राइतकाच द्यायचा आहे. आणखी एक अडचण: खुद्द न्यू जर्सी राज्य आयलंड बीच स्टेट पार्कच्या फाटकावर परराज्यातल्या गाडीला दुप्पट दर लावत आलं आहे. गावाने केलं तर भेदभाव आणि राज्याने केलं तर धोरण, हे मला पटत नाही. पेनसिल्व्हेनियाचा माणूस त्याच समुद्रात भिजतो.

खरी लबाडी मात्र आता भावाच्या पाटीवर दिसत नाही. समजा रोजचा बॅज बारा डॉलरचा आणि मोसमाचा नव्वदचा आहे. दोन्ही सगळ्यांना खुले, कायदा खूश. पण जो गल्लीतून चपला घालून येतो तो चाळीस दिवस येतो, त्याला दिवस सव्वादोन डॉलरला पडतो. जो एडिसनहून वर्षातून दोनदा येतो, त्याला बाराला. एव्हनने उघडपणे केलं तेच इथे गणिताने होतं. म्हणून रोजच्या आणि मोसमाच्या भावात किती तफावत चालेल, हे राज्याने बांधून द्यावं. गावाने किनाऱ्याची जमा आणि खर्च स्वतंत्र छापावा. समुद्राजवळच्या रस्त्यांवर 'फक्त परवानाधारक' पाट्या लावायच्या तर तितक्याच गाड्यांची जागा चालत जाता येईल अशा अंतरावर द्यावी. किनाऱ्याची रेल्वे लाँग ब्रांच, ब्रॅडली बीच, बेलमार करत बे हेडपर्यंत जाते, म्हणून गाडी नसलेल्यांची थोडी तरी सोय होते. पण म्हाताऱ्या आईवडिलांना आणि दोन लहान मुलांना घेऊन, छत्री आणि डबे सांभाळत गाडी बदलून बघा. उघडा संडास हाही किनाऱ्यावरच्या हक्काचाच भाग आहे. तो नसला की बाहेरचा माणूस दुपारीच परततो, आणि हाकलल्याचा आरोप कोणावर येत नाही.

हे सगळं लिहून मी मित्राला पाठवलं. दोन दिवस उत्तर नाही. तिसऱ्या दिवशी फोन आला. ठाण्याहून त्याचे आईवडील आले होते आणि त्यांच्यासाठी बॅज काढायला तो गेला तेव्हा त्यांना रोजच्याच भावाने घ्यावे लागले, म्हणून जरा वैतागलेला होता. लेखाबद्दल काही बोलला नाही. म्हणाला, "रविवारी सगळे या. पार्किंगची काळजी करू नकोस. पाहुण्यांचा परवाना एकच मिळतो, तो तुझ्यासाठी ठेवलाय."

मी तो घेतला.