आधी संवेग, मग ऊर्जा

स्प्रिंग आणि ठोकळ्याची सगळी गणिते केवळ ऊर्जा अक्षय्यतेने सुटतात, हे गेल्या अंकातील पत्रलेखकांचे म्हणणे मला मान्य नाही. या सल्ल्याने विद्यार्थ्यांचे नुकसानच होईल.

घर्षणरहित टेबलावर २ किलोचा ठोकळा भिंतीला जोडलेल्या स्प्रिंगला टेकून आहे. स्प्रिंगचा स्थिरांक ३०० न्यूटन प्रति मीटर. १ किलोचा मातीचा गोळा सेकंदाला ६ मीटर वेगाने येऊन ठोकळ्याला चिकटतो. गोळ्याची सगळी १८ ज्यूल गतिज ऊर्जा स्प्रिंगमध्ये गेली असे धरले, तर स्प्रिंग जवळपास ३५ सेंटिमीटर दबायला हवी. प्रत्यक्षात ती २० सेंटिमीटरच दबते. धडक क्षणार्धाची असते, तेवढ्यात स्प्रिंग जवळजवळ दबतच नाही; म्हणून संवेग टिकतो आणि दोघांचा एकत्रित वेग सेकंदाला २ मीटर होतो. गतिज ऊर्जा उरते ६ ज्यूल. बाकीची १२ ज्यूल माती चेपण्यात आणि उष्णतेत खर्च होते. त्यानंतर भिंतीचे बाह्य बल काम न करताही संवेग बदलते, यांत्रिक ऊर्जा मात्र टिकते.

तेव्हा सूत्र लिहिण्याआधी ‘या टप्प्यात काय टिकते, आणि का?’ हे विचारण्याची सवय शिक्षकांनी मुलांना लावावी, ही कळकळीची विनंती.

— भौतिकशास्त्राची एक शिक्षिका, सातारा