विश्लेषण : ‘सर्व्हर डाऊन’ म्हणजे नेमके काय? ई-पीक पाहणीत अडकलेल्या नोंदीचे काय होते?

पीक पाहणीची मुदत संपत आली, की सिन्नर तालुक्यात वावी-पांगरीपासून ठाणगावपर्यंत एकच तक्रार ऐकू येते : ‘सर्व्हर डाऊन आहे’. शेतकरी शेतात उभा राहून सोयाबीनचा किंवा मक्याचा फोटो काढतो, अपलोडचे बटण दाबतो, स्क्रीनवर चक्र फिरत राहते आणि शेवटी ‘पुन्हा प्रयत्न करा’ अशा अर्थाचा संदेश येतो. या एका संदेशाआड निरनिराळी दुखणी दडलेली असतात आणि प्रत्येकावरचा उपाय वेगळा असतो. ही दुखणी कोणती, ती ओळखायची कशी आणि नोंद अडकली तर काय करायचे?

ई-पीक पाहणीवर काय अवलंबून आहे?

सातबाऱ्यावरील पीकपेऱ्याची नोंद शेतकऱ्याने स्वतः मोबाइलवरून करावी, यासाठी राज्य सरकारने टाटा ट्रस्टच्या सहकार्याने तयार केलेले ई-पीक पाहणी अ‍ॅप १५ ऑगस्ट २०२१ पासून राज्यभर लागू झाले. पुढे केंद्राच्या डिजिटल क्रॉप सर्व्हेशी जोडलेली ‘डीसीएस’ आवृत्ती आली. शेताचे स्थान जीपीएसने तपासले जात असल्याने घरबसल्या पाहणी करता येत नाही.

ही नोंद केवळ कागदोपत्री नाही. हमीभावाने सोयाबीन विकायचे तर नोंदणीसाठी पीकपेरा असलेला सातबारा लागतो. विमा घेतलेले पीक आणि पाहणीतले पीक जुळते का, हेही तपासले जाते. २०२३ च्या खरिपातील कापूस आणि सोयाबीन उत्पादकांना हेक्टरी पाच हजार रुपयांचे, दोन हेक्टरपर्यंतचे अर्थसाह्य जाहीर झाले, तेव्हा ई-पीक पाहणीच्या नोंदीची अट होती. ज्यांची नोंद नव्हती त्यांची अडचण झाली आणि नंतर ती अट शिथिल करावी लागली. म्हणजे अपलोड न झालेल्या एका फोटोची किंमत थेट रुपयांत मोजता येते.

बटण दाबल्यावर काय घडते?

अ‍ॅप आणि सर्व्हर एकमेकांशी ‘एचटीटीपी’ या ठरलेल्या पद्धतीने बोलतात. टिम बर्नर्स-ली यांनी वेबसाठी १९९० च्या सुमारास घातलेली ही घडी आजही जवळपास प्रत्येक अ‍ॅपच्या मुळाशी आहे. तिची तुलना पोचपावतीसह पाठवलेल्या टपालाशी करता येईल. अ‍ॅप विनंती पाठवते. तिच्यात पत्ता, पाठवणाऱ्याची ओळख आणि मजकूर म्हणजे गट क्रमांक, पीक, क्षेत्र, फोटो असे सारे असते. सर्व्हर ती वाचून उत्तर देतो. या उत्तराच्या सुरुवातीलाच तीन अंकी आकडा असतो. तो म्हणजे पोचपावतीवरचा शेरा.

या आकड्यांचा अर्थ काय?

पहिला अंक महत्त्वाचा. २ ने सुरू होणारा आकडा, उदाहरणार्थ २००, म्हणजे काम झाले. ३ म्हणजे पत्ता बदलला आहे, तिकडे जा. ४ म्हणजे पाठवलेल्या विनंतीत दोष आहे. ५ म्हणजे विनंती पोहोचली, पण सर्व्हरला काम पूर्ण करता आले नाही.

चारच्या घरातले काही आकडे नेहमी भेटतात. ४०० म्हणजे माहिती अपुरी किंवा चुकीच्या स्वरूपात आहे. ४०१ म्हणजे ओळख पटली नाही. बहुतेक वेळा लॉगिनची मुदत संपलेली असते. ४०३ म्हणजे ओळख पटली, पण परवानगी नाही. ४०४ म्हणजे त्या पत्त्यावर काही नाही. सर्व्हरवरचा पत्ता बदलला आणि फोनमध्ये अ‍ॅपची जुनी आवृत्ती राहिली तरी हा आकडा येऊ शकतो. ४१३ म्हणजे पाठवलेला फोटो फार मोठा आहे. ४२९ म्हणजे थोड्या वेळात फार वेळा विनंती केली.

पाचच्या घरात ५०० म्हणजे सर्व्हरच्या प्रोग्रॅममध्येच बिघाड. ५०२ आणि ५०४ म्हणजे दारावरच्या सर्व्हरला आतल्या सर्व्हरकडून अनुक्रमे धड उत्तर मिळाले नाही किंवा वेळेत मिळाले नाही. ५०३ म्हणजे ताण किंवा देखभालीमुळे सेवा तूर्त बंद. लोक ज्याला ‘सर्व्हर डाऊन’ म्हणतात, त्याच्या सर्वांत जवळ जाणारा आकडा हाच.

फरक व्यवहारात मोठा आहे. ५०३ आला तर तासाभराने प्रयत्न करणे शहाणपणाचे. ४०१ आला तर रात्रभर बटण दाबूनही उपयोग नाही, पुन्हा लॉगिन करावे लागेल. दोन्ही वेळा ‘पुन्हा प्रयत्न करा’ एवढेच दाखवणारे अ‍ॅप म्हणजे आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी.

आकडा आलाच नाही तर?

ही सर्वांत अवघड स्थिती. डोंगरकडेच्या शेतात रेंज नसेल तर विनंती फोनबाहेरच पडत नाही. फोनमधली तारीख चुकली असेल तर सर्व्हरचे सुरक्षा प्रमाणपत्र मुदतबाह्य वाटते आणि सुरक्षित जोडणीच होत नाही. दोन्ही वेळा सर्व्हर ठणठणीत असतो.

तिसरी शक्यता जास्त त्रासाची. विनंती पोहोचली, सर्व्हरने नोंदही केली, पण उत्तर परत येताना नेटवर्क तुटले. टपाल मिळाले, पोचपावती हरवली. अ‍ॅप ठरावीक सेकंद वाट पाहून ‘टाइमआउट’ जाहीर करते. नोंद झाली की नाही, हे शेतकऱ्यालाही कळत नाही आणि अ‍ॅपलाही. अशा वेळी तीच नोंद पुन्हा पाठवली आणि सर्व्हर सावध नसला, तर एकाच गटावर दुबार नोंद होण्याचा धोका असतो.

गर्दी शेवटच्या दिवसांतच का होते?

२०२५ च्या खरिपात शेतकरी स्तरावरील पाहणी १ ऑगस्टला सुरू झाली आणि १४ सप्टेंबरची मुदत पुढे ३० सप्टेंबरपर्यंत वाढवावी लागली. मुदत राज्यभर एकच असल्याने सिन्नरचा आणि सोलापूरचा शेतकरी एकाच वेळी एकाच दारावर उभा असतो. त्यात पाऊस उघडला की सारेच शेतात जातात.

अ‍ॅपची रचना हा ताण वाढवू किंवा कमी करू शकते. उत्तर न मिळताच लगेच दुसरी, तिसरी विनंती पाठवणारे हजारो फोन एकत्र आले, तर सावरू पाहणारा सर्व्हर पुन्हा कोलमडतो. त्यावर रुळलेला उपाय म्हणजे प्रत्येक अपयशानंतर थांबण्याचा काळ दुप्पट करणे : एक सेकंद, मग दोन, चार, आठ. त्यात थोडा यादृच्छिक काळ मिसळला, की सगळे फोन एकाच क्षणी धडकत नाहीत. सर्व्हरही ५०३ सोबत ‘इतक्या सेकंदांनी या’ असे कळवू शकतो. अ‍ॅपने ते पाळायला हवे.

अ‍ॅप बनवणाऱ्याने चूक कशी शोधावी?

चिंचोलीच्या अभियांत्रिकी महाविद्यालयात शिकणारा असो वा पुण्यातल्या कंपनीत काम करणारा, नवख्या डेव्हलपरची पहिली अडचण ठरलेली असते : लॅपटॉपवर चालते, फोनवर चालत नाही. कारण बहुधा ‘लोकलहोस्ट’ हा पत्ता. लॅपटॉपवर त्याचा अर्थ लॅपटॉप, फोनवर त्याचा अर्थ फोन. अँड्रॉइडच्या एम्युलेटरमधून लॅपटॉपवरील सर्व्हर गाठायचा तर १०.०.२.२ हा पत्ता लागतो. खऱ्या फोनसाठी लॅपटॉपचा वाय-फायवरील पत्ता.

दुसरी अडचण ‘एस’ची. अँड्रॉइड ९ पासून, म्हणजे २०१८ पासून, त्या आवृत्तीसाठी बनवलेल्या अ‍ॅपची साध्या एचटीटीपीवरील विनंती मुळातच रोखली जाते, एचटीटीपीएस लागते. आयफोनवर असेच बंधन आयओएस ९ पासून, २०१५ मध्ये आले. अशी विनंती फोनमध्येच अडते, त्यामुळे सर्व्हरच्या नोंदवहीत तिचा मागमूसही सापडत नाही.

म्हणून शोधाचा क्रम ठरवून घ्यावा. विनंती फोनबाहेर पडली का? सर्व्हरच्या नोंदवहीत दिसते का? आकडा कोणता? उत्तरात कारण लिहिले आहे का? तीच विनंती पोस्टमनसारख्या साधनातून पाठवली तर काय होते? तिथे चालली, तर दोष अ‍ॅपच्या कोडमध्ये किंवा फोनच्या जोडणीत शोधावा. तिथेही अडली, तर आधी विनंतीचा मजकूर आणि मग सर्व्हर तपासावा.

दुबार नोंदीवरही उपाय आहे. प्रत्येक नोंदीला फोनमध्येच वेगळा क्रमांक द्यायचा. तोच क्रमांक पुन्हा आला, तर सर्व्हर नवी नोंद न करता ‘ही आधीच मिळाली आहे’ असे कळवतो.

शेतकऱ्याने काय करावे?

अ‍ॅप अद्ययावत ठेवावे, फोनची तारीख-वेळ ‘स्वयंचलित’वर ठेवावी. शेतात रेंज नसेल तर माहिती आणि फोटो अ‍ॅपमध्ये साठवून रेंजमध्ये आल्यावर अपलोड करता येतात. अपलोड होईपर्यंत अ‍ॅप काढून टाकू नये किंवा त्याचा डेटा पुसू नये. साठवलेली नोंद त्याबरोबर जाऊ शकते. ‘सेव्ह झाले’ आणि ‘अपलोड झाले’ या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. टाइमआउट झाल्यास पुन्हा नोंद करण्याआधी अ‍ॅपमधील गावच्या खातेदारांच्या यादीत आपले नाव तपासावे. चुकीच्या संदेशाचा तारीख-वेळ दिसणारा स्क्रीनशॉट ठेवावा आणि तो तलाठ्यांना, म्हणजे आताच्या ग्राम महसूल अधिकाऱ्यांना दाखवावा. शेतकरी स्तरावर राहिलेले गट सहायकांमार्फत नोंदवण्याची तरतूद आहे.

मग उणीव कुठे आहे?

सर्व्हरवर ताण येणे जगात कुठेही घडते. त्याची किंमत कोण मोजतो, हा खरा प्रश्न. दोष फोनचा, नेटवर्कचा की सर्व्हरचा, याची बरीचशी माहिती अ‍ॅपला मिळालेली असते. ती मराठीत सांगणे अवघड नाही : ‘सर्व्हरवर ताण आहे, तुमची नोंद फोनमध्ये सुरक्षित आहे’ किंवा ‘लॉगिन संपले आहे, पुन्हा करा’. त्याबरोबर प्रयत्नाची वेळ आणि क्रमांक असलेली पावती मिळाली, तर मुदत उलटल्यावर शेतकऱ्याच्या हातात पुरावा राहील. आज मुदतवाढ सर्वांना सरसकट मिळते. पण ती मिळाली नाही, तर वेळेत प्रयत्न केलेला आणि प्रयत्नच न केलेला शेतकरी सातबाऱ्यावर सारखेच दिसतात. दोघांचाही पीकपेरा कोरा असतो.