फ्रीझरमधला स्प्रिंकलर वेळेला पाणी देईल का?



बडोद्याच्या प्रतापनगरात ऐन जानेवारीतही नळाचं पाणी गोठत नाही. त्यामुळे स्प्रिंकलरचं पाणी गोठेल म्हटलं की लोक हसतात. पण आपली कोळंबी, पापलेट जिथे ठेवतो त्या कोल्ड स्टोरेजच्या फ्रीझर-खोलीत उणे 18 अंश किंवा त्याहून कमी तापमान असतं. तिथे पाइपात पाणी भरून ठेवलं तर त्याचा बर्फ होणारच. बर्फ होताना पाणी साधारण 9 टक्के फुगतं. पाइप नाहीतर सांधा फुटतो. नाही फुटला तरी आत बर्फाचं बूच बसतं, आणि आग लागली की थेंबही येत नाही.

थंड खोलीला आग कशी लागेल, असं म्हणू नका. भिंतीतला पफ, थर्माकोल, पुठ्ठ्याचे खोके, डिफ्रॉस्टचे हीटर, दुरुस्तीचं वेल्डिंग, सगळं तिथेच असतं. आणि आत आपलीच माणसं काम करतात.

उपाय आहे, कोरडा पाइप. त्यात पाण्याऐवजी दाबाची हवा असते. उष्णतेने स्प्रिंकलर उघडला की हवा निघून जाते, व्हॉल्व्ह उघडतो आणि पाणी येतं. पण व्हॉल्व्हच्या अलीकडे पाणी उभंच असतं. म्हणून तो व्हॉल्व्ह फ्रीझरबाहेर, 4 अंशांच्या वर राहील अशा जागी हवा. भरायची हवाही सुकवलेली पाहिजे. दमट हवा गेली की पाइपात आतून बर्फ धरतो.

कुणी म्हणतं, पाण्यात ग्लायकॉल टाका, काम झालं. माझा याला विरोध आहे. ग्लायकॉल स्वतः जळतं. प्रमाण चुकलं तर तोच फवारा आग भडकवतो. अमेरिकेत असं घडल्यावर 2010 मध्ये घरांसाठीचे नियम कडक करावे लागले.

कोरडी यंत्रणा महाग पडते, पाणी पोचायला थोडा उशीरही होतो, हे मान्य. तरी माझं मत असं की सोसायटीने माल ठेवण्याआधी गोदामवाल्याला तीन गोष्टी विचाराव्यात: फ्रीझरमधला पाइप कोरडा आहे का? व्हॉल्व्ह कुठे बसवलाय? पाइपात बर्फ धरलाय का, हे शेवटचं कधी तपासलं?

उत्तर लेखी घ्या. मिळालं नाही, तर बंदीच्या दिवसांसाठी राखलेला माल तिथे ठेवू नका.