मागची लाईट सारखी जाते? नुसता बल्ब बदलू नका

द्राक्षाची पानं पिवळी पडली की आपण डोळे झाकून फवारा मारत नाही, आधी मुळी बघतो. चुनखडीच्या जमिनीत लोह असतं, पण झाडाला ते उचलता येत नाही, हे आता शाळेतलं पोरही सांगेल. मग पिकअपची मागची लाईट दोन महिन्यांत तीनदा गेली, तर तिन्ही वेळा बल्बच का बदलायचा?

माझं मत सरळ आहे. नवा बल्ब पेटला म्हणजे गाडी दुरुस्त झाली असं नाही.

गेलेला बल्ब फेकू नका, उजेडात धरा. काच काळपट झालीय आणि पुढचेही बल्ब जातायत? मग गाडी चालू ठेवून, थोडी रेस देऊन बॅटरीवर मीटर लावा. १४ व्होल्टच्या आसपास ठीक. १५ च्या वर गेलं तर रेग्युलेटर बघा. काच स्वच्छ, पण आतली तार तुटलेली असेल तर बहुतेक हादऱ्यांचं काम. होल्डर ढिला आहे का बघा.

आणि बल्ब चांगलाच निघाला तर? आपल्याकडे माझ्या बघण्यात हेच जास्त. दोष अर्थिंगचा. एकाच गाडीत युरिया, पोटॅश, ओला कांदा, टोमॅटोचे क्रेट, आणि संध्याकाळी पंपाने धुलाई. खताचा क्षार आणि पाणी होल्डरमध्ये शिरलं की तांबं हिरवं पडतं, चेसीवरचा अर्थचा बोल्ट गंजतो. खूण सोपी आहे: ब्रेक दाबला की मागची लाईट मंद होते, नाहीतर इंडिकेटर भलतंच वागतो. करंटला परतीची वाट मिळत नाही, मग तो दुसऱ्या बल्बातून घुसतो.

तपासायला पाच मिनिटं. मागची लाईट आणि ब्रेक चालू ठेवा. मीटरची एक वायर बॅटरीच्या मायनसला, दुसरी होल्डरच्या पत्र्याला. आकडा जवळपास शून्य हवा. अर्धा-एक व्होल्ट दिसला तर चोर सापडला. बोल्ट काढा, पॉलिश पेपरने पत्रा चकचकीत घासा, नवा थिंबल लावा, घट्ट करा, वरून ग्रीस. जास्त वॅटचा बल्ब टाकायचा सल्ला कोणी दिला तर ऐकू नका, होल्डर वितळतो. एलईडी लावली तरी अर्थिंग खराबच राहतं, ती फक्त थोड्या करंटवर पेटते म्हणून काही दिवस दोष झाकला जातो.

ट्रॉलीचं तर विचारूच नका. कितीतरी ट्रॉल्यांना अर्थची वेगळी वायरच नसते, सगळा करंट हुकच्या पिनीतून परत येतो. खड्ड्यात पिन उडाली की लाईट गुल. पहाटे लासलगाव किंवा पिंपळगावच्या रस्त्याला, कांद्याची भरलेली ट्रॉली, धुकं, आणि मागून ऐंशीच्या वेगाने येणारा ट्रक. त्याला तुमची ट्रॉली दिसणार कशी? वेगळी वायर ओढून सॉकेटपर्यंत आणा. खर्च फार नाही. शिवाय मागे लाल रेडियम पट्टी चिकटवा, तिला वायर लागत नाही. मात्र चिखल पुसत जा.

तुमच्या गाडीला मीटर लावून बघा आणि किती आकडा आला ते खाली लिहा.