डिझेल इंजिनाची वहीतली किंमत

बँकेच्या हिशेबात यंत्रावर दरवर्षी घसारा काढतात. पूर्ण घसारा निघाला की ते वहीत एक रुपयाला दाखवले जाते. प्रत्यक्षात ते चालूही असू शकते. रेल्वेच्या डिझेल इंजिनांचे आज तसेच झाले आहे. ब्रॉडगेजचे विद्युतीकरण जवळपास पूर्ण झाल्याने जुनी इंजिने भंगाराच्या लिलावात जात आहेत. विजेची गाडी स्वस्त पडते, त्यामुळे या निर्णयाबद्दल आमची तक्रार नाही. पण सगळीच इंजिने वितळवायची का, हा प्रश्न आहे.

वारसा म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे वाफेचे इंजिन येते. १८५५ सालची 'फेअरी क्वीन' १९९७ मध्ये पुन्हा रुळांवर धावली, याचे कौतुक झाले. डिझेलला तो मान मिळत नाही. वास्तविक वाराणसीच्या कारखान्यातून १९६४ पासून निघालेल्या डब्ल्यूडीएम-२ इंजिनांनीच आपल्या पिढीला सुट्टीत गावी नेले. संग्रहालयात काही डिझेल इंजिने ठेवली आहेत, पण ती नुसती उभी आहेत. चालते इंजिन ही वेगळी गोष्ट.

ती आपल्याच प्रदेशात आहे. महूजवळच्या पातालपानी ते काळाकुंड या घाटात डिसेंबर २०१८ पासून मीटरगेजची वारसा गाडी सुरू झाली. ती ओढतात वायडीएम-४ इंजिने, म्हणजे डब्ल्यूडीएम-२ च्याच अल्को घराण्यातली. घाटाचा चढ चाळीसास एक इतका कठीण आहे. या मार्गाशी मराठी माणसाचे नातेही जुने आहे. तुकोजीराव होळकर (दुसरे) यांनी १८७० मध्ये याच खंडवा–इंदूर रेल्वेसाठी एक कोटी रुपयांचे कर्ज साडेचार टक्के व्याजाने दिले, मुदत १०१ वर्षे! पुढे हाच मार्ग अकोल्याला जोडला गेला आणि वऱ्हाडातल्या कुटुंबांना माळव्यात येणे सोपे झाले.

आता अडचण अशी की गेज परिवर्तनामुळे या तुकड्याला जोडणारी मीटरगेज कुठेच उरलेली नाही. मोठ्या दुरुस्तीसाठी इंजिन रुळांवरून बाहेर नेता येत नाही. सुटे भाग नवे बनत नाहीत. हे इंजिन हाताने ओळखणारे फिटर आणि चालक निवृत्त होत आहेत. गाडीला पावसाळ्यात गर्दी होते, पण तिकिटाचे पैसे एवढ्या खर्चाला पुरतील असे मानणे भाबडेपणाचे ठरेल.

म्हणून आमच्या मते तीन गोष्टी व्हाव्यात. बाद वायडीएम-४ भंगारात देण्यापूर्वी त्यांचे कामाचे भाग काढून जपावेत. निवृत्त कारागिरांना मानधन देऊन तरुणांना शिकवायला बोलवावे. आणि एखादे डब्ल्यूडीएम-२ तरी चालू स्थितीत राखून वर्षातून काही फेऱ्या चालवाव्यात.

मंडळाने या आशयाचे पत्र रतलाम मंडल कार्यालयाला द्यावे, असे आम्ही सुचवतो. ज्यांच्या घरी रेल्वेतून निवृत्त झालेले वडीलधारे आहेत, त्यांनी त्यांचे अनुभव लिहून घ्यावेत. आणि येत्या पावसाळ्यात मुला-नातवंडांना घेऊन काळाकुंडला जरूर जावे. रिकाम्या डब्यांची गाडी वाचवा, असे कोणत्याही कार्यालयाला पटवणे अवघड असते.